खुर्दा

पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. २०२१ साल. रविवार होता, आभाळ भरून आलेलं, आणि मातीचे बैल विकणारी बाई नुकतीच गल्लीतून ओरडत गेली होती. वरच्या खोलीतला पोरगा जिना उतरून खाली आला, दाराशी चप्पल काढली, नेहमीसारखं "काका, आऊँ?" विचारलं आणि टीपॉयवर वर्तमानपत्राची एक पुडी ठेवली. खोलीचं भाडं. साडेतीन हजारांपैकी दीड हजार. राहिलेले अगले महिने, पक्का. पुडी सोडली तर आत दहाच्या, विसाच्या नोटा, मधे चार-दोन पन्नासच्या. चौतीस वर्षं कॅशियर होतो मी. हातात नोटा आल्या की डोकं बाजूला होतं आणि अंगठा चालू होतो. एकदा मोजल्या, मग उलट्या करून पुन्हा मोजल्या. एक विसाची नोट मधोमध फाटून चिकटपट्टीनं जोडलेली निघाली. ती काढून टीपॉयच्या कडेला ठेवली. तोंडातून एक शब्द काढला नाही, आणि काढावा लागतही नाही. बाजूला काढलेल्या नोटेचा अर्थ काउंटरपलीकडच्या माणसाला बरोबर कळतो. त्यानं ती उचलून खिशात घातली, "अभी लाया" म्हणाला आणि जिना न चढता सरळ फाटकाबाहेर गेला. तोवर पावसाला सुरुवात झाली होती. अर्ध्या तासानं आला तो निथळत. हातात विसाची दुसरी नोट, ती तेवढी कोरडी.

हिनं आतून सगळं पाहिलं होतं. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही रिटायर झालात ना?"

तो अफगाणिस्तानातल्या बामियानचा. इथल्या विद्यापीठात एम.एस्सी. करायला २०१९ साली आला. त्याच्याआधी आमच्याकडे येमेनचे दोघं राहून गेलेले. विद्यापीठामुळं बेगमपुरा, पहाडसिंगपुरा भागात असे भाडेकरू नवे नाहीत. नाव लिहीत नाही, त्याचे आई-वडील अजून तिकडंच आहेत. वडील सरकारी शाळेत मास्तर आणि जोडीला थोडी बटाट्याची शेती. बामियानचा बटाटा अख्ख्या अफगाणिस्तानात नावाजलेला, हे त्यानं पहिल्याच आठवड्यात आमच्याकडची आलूची भाजी खाताना सांगितलं, आणि आमचा बटाटा त्याला पसंत नाही हे त्याच्या तोंडावरच दिसलं. येताना सामानात गुडघ्यापर्यंतचे, आतून लोकर लावलेले बूट होते. औरंगाबादेत! आईनं भरून दिले, नको कसं म्हणणार. पहिल्या हिवाळ्यात मी त्याला विद्यापीठामागच्या लेण्यांवर घेऊन गेलो. तिसऱ्या लेण्यात बसलेल्या बुद्धासमोर माणसाएवढ्या उंचीचे भक्त गुडघे टेकून बसलेत, त्यांच्याच ओळीत हा बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "हमारे वाले खड़े थे।" बामियानचे ते उभे बुद्ध तालिबाननं २००१ च्या मार्चात फोडले तेव्हा हा तीन वर्षांचा. मूर्ती आठवत नाहीत, म्हणाला. डोंगरातलं त्यांच्या जागेचं भगदाड तेवढं आठवतं, कारण तो मोठा झाला तो त्याच्याचसमोर.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टही रविवारीच आला होता. झेंडावंदन करून येताना मी अर्धा किलो जिलेबी आणली. संध्याकाळी ही बशी भरून वर द्यायला निघाली तर पोरगा जिन्यातच बसलेला, मोबाईल दोन्ही हातांनी धरून. "गया," म्हणाला. मी विचारलं, कोण? "प्रेसिडेंट।" जिलेबी घेतली नाही. बशी तशीच खाली आली आणि पाक बशीला चिकटून वाळून गेला. आदल्या दिवशी हाच माणूस, अफगाणिस्तानचा अध्यक्ष अश्रफ घनी, टीव्हीवर सांगत होता की फौजेची पुन्हा जुळवाजुळव करणं हे आपलं पहिलं काम आहे. मोडकळीला आलेली राज्यं कशी सावरावीत यावर पुस्तक लिहिलेला, जागतिक बँकेत मुरलेला विद्वान. दुसऱ्या दिवशी तालिबान काबूलच्या वेशीवर आलं आणि दुपारी हेलिकॉप्टरं उडाली, आधी उझबेकिस्तान, मग अबू धाबी. अठरा तारखेला घनी तिथून बोलले त्यात एक वाक्य होतं, की पायातल्या चपला काढून बूट घालायलासुद्धा मला वेळ मिळाला नाही. पोरानं मला ते हिंदीत करून सांगितलं. सांगताना त्याची नजर दाराशी काढलेल्या चपलांकडे गेली, का मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

पळाला, पळाला असं सगळे म्हणत होते, मीही म्हणत होतो. पण माझ्यातला कॅशियर निराळ्याच गोष्टीनं हबकला होता. त्याच दिवशी तिथल्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नरही विमानात बसले. म्हणजे आपल्याकडं रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर नोटेवरची सही तशीच ठेवून विमानतळाकडं निघाला असं समजा. देशाची नऊ अब्ज डॉलरच्या आसपासची गंगाजळी परदेशात, त्यातले सात अब्ज एकट्या न्यूयॉर्कमध्ये, ते अमेरिकेनं गोठवले. सरकारच्या खर्चातला तीन चतुर्थांश वाटा परदेशी मदतीतून यायचा, ती थांबली. बँकांची शटरं खाली. पुढं उघडली तेव्हा खातेदाराला आठवड्याला दोनशे डॉलर, बस. हुंड्या-हवाल्याचा काबूलचा मोठा बाजार, सराय शहजादा, तोही बंद. डॉलरला ऐंशीच्या आसपास असलेली अफगाणी डिसेंबरात एकशेवीसच्या पुढं गेली. वाचताना हे आकडे असतात. आमच्या जिन्यात ते असे उतरले: मास्तरांचा पगार बंद, खात्यात होतं ते खात्यातच, आणि ज्याच्यामार्फत दर दोन महिन्याला पैसे यायचे त्या माणसाचा फोन लागत नाही. गुलमंडीवर बदाम-अंजिराचे भाव चढले, दुकानदार म्हणाला, काय करता साहेब, काबूल बंद आहे. राखीपौर्णिमा तोंडावर, त्यामुळं गिऱ्हाईकांनी जरा कुरकुर केली. आमच्या पोराकडं गावाहून आणलेल्या हिरव्या मनुका होत्या. भाड्याच्या पुडीबरोबर त्यानं त्यांचीही एक वाटी हिच्या हातात दिली होती, हे सांगायचं राहिलं. बहुतेक मुद्दामच राहिलं.

मी मूळचा परतूरचा. आमच्या आजोबांना कुठलीही गोष्ट परतुरावर आणून सोडायची खोड होती. त्यातली एक मात्र खरी होती. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाला नमवून सदाशिवराव भाऊ उत्तरेकडं निघाले ते परतुरावरून; बखरींतलं पातदूर ते हेच. "आपल्या गावातनं गेलं बघ ते लष्कर," आजोबा असं सांगायचे की जणू मागच्या मंगळवारी गेलं. मार्चातलं ऊन, लाखभर माणूस, हत्ती, तोफा, आणि लढणाऱ्यांहून जास्त बाजारबुणगे. आमची दुधना त्या दिवसांत किती पाणी देणार! पुढं दिल्लीत पैसा संपला तेव्हा भाऊंनी लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं रुप्याचं छत उतरवून त्याची नाणी पाडली. इकडं डिसेंबरात पानिपतावर दाणावैरण संपत आलेली असताना नानासाहेब पेशवे आमच्या पैठणला बोहल्यावर उभे होते. दुसरं लग्न. आजोबा इथं हमखास थांबून एक शिवी द्यायचे. ती लिहीत नाही.

१७६१ च्या चौदा जानेवारीला विश्वासराव गोळी लागून पडले आणि भाऊ हत्तीवरून खाली उतरले. उतरले ते पळायला नाही. घोड्यावर बसून थेट गर्दीत घुसले आणि परत दिसले नाहीत. पण लांबून बघणाऱ्याला काय दिसलं? रिकामी अंबारी. जो तो आपापला जीव घेऊन सुटला. ही बातमी पेशव्यांना कळली ती सावकारी हुंडीच्या भाषेत: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याचा खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शाळेत हे शिकवताना गुरुजींचा आवाज मोत्यांवर भरून यायचा. मी बँकेत लागलो आणि माझं लक्ष खुर्द्यावर जाऊ लागलं. मोत्यं दोन, मोहरा सत्तावीस, हिशेब चोख. खुर्द्यापाशी आल्यावरच सावकाराची लेखणी थांबली. आणि सावकारच तो, कामचुकार कारकून नव्हे. मोजता आलं असतं तर त्यानं मोजलं असतं.

त्या खुर्द्यात परतूरचे कोण होते ते आजोबांनाही माहीत नव्हतं.

दुसरी रिकामी अंबारी आजोबांनी स्वतः पाहिली. १९४८ चा सप्टेंबर, तेव्हा ते विशीतले. तेरा तारखेला भारताच्या फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, सतराला सकाळी पंतप्रधान लायक अलींनी राजीनामा दिला आणि संध्याकाळी निजामानं रेडिओवरून युद्धबंदी सांगितली. आदल्या आठवड्यापर्यंत दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायच्या गोष्टी चालल्या होत्या. आम्ही मराठवाड्याचे लोक सतरा सप्टेंबरला झेंडा लावतो, पेढे वाटतो, आणि ते रास्तच आहे. रझाकारांनी काय केलं ते ज्यांच्या घरांनी सोसलं त्यांना विचारावं. पण आजोबा झेंड्याची गोष्ट लवकर संपवून कचेरीच्या गोष्टीवर यायचे. अमीनसाहेब, म्हणजे निजामाचा फौजदार, रात्रीतून गेला. सकाळी कचेरीचं दार सताड उघडं, खुंटीवर अचकन, दौतीत शाई ओली. काल ज्याच्यापुढं मान वर करायची सोय नव्हती त्याच्या खुर्चीवर कुत्रं बसलेलं. गाव हसलं. मग गावाला आठवलं की वेशीजवळ मुसलमान पिंजाऱ्याचं घर आहे. तो कुठं गेला नव्हता. कुठं जाणार? खांद्यावर धनुकली टाकून हैदराबाद गाठणार होता थोडाच? सगळ्या गावाच्या गाद्या त्यानं पिंजलेल्या. "मग?" मी विचारायचो. आजोबा तंबाखू मळायला घ्यायचे. चुना लावायचे, मळायचे, झटकायचे, आणि ती चिमूट दाढेत गेल्यावर माणसाला बोलता येत नाही.

पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल बरीच दशकं दडवून ठेवलेला होता. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे त्या सप्टेंबरातल्या लष्करी कारवाईच्या, दरम्यान आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत असा त्यात अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे, नांदेड आहे. तेरा हजारांचा फरक राहतो अशा अंदाजात, म्हणजे पुन्हा खुर्दाच. आणि ज्यांच्या नावानं तो उधळला ते? लातूरचा वकील कासिम रझवी शिक्षा भोगून १९५७ ला पाकिस्तानात गेला. लायक अली तर १९५० च्या मार्चात नजरकैदेतून निसटून कधीच तिकडं पोचले होते. निजाम राजप्रमुख झाले. लंडनच्या बँकेत त्यांच्या सरकारचे दहा लाख पौंड होते, ते त्या सप्टेंबरच्या गडबडीत पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या नावावर वळवले गेले आणि तिथंच अडकले. खटला २०१९ पर्यंत चालला आणि निकाल लागला तेव्हा त्याचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. मोती बँकेत पडून वाढत राहिलं. आजोबांजवळ चाळीस हाली, म्हणजे निजामाचे, रुपये होते. सात हालीला सहा कलदार, म्हणजे भारत सरकारचे रुपये, हा सरकारी भाव, पण त्या आठवड्यात मोंढ्यात हाली कुणी हातात धरेना. घरात सरकी नाही, ज्वारी नाही. त्यांनी चाळिसाचे पंचवीस कलदार करून आणले. पुढं हाली आणखी काही वर्षं चालला, हे कळल्यावर त्यांना जन्मभर हळहळ लागून राहिली. त्या नऊ-दहा रुपयांचं दुःख ते जितकं मोकळेपणानं सांगायचे तितकं पिंजाऱ्याचं कधीच सांगता आलं नाही.

घनींना शिव्या देणं सोपं आहे. पण त्याच काबुलात १९९६ च्या सप्टेंबरात माजी अध्यक्ष नजीबुल्लांना संयुक्त राष्ट्रांच्या आवारातून ओढून काढून मारलं आणि राजवाड्याबाहेर टांगलं, तेही सगळ्यांनी पाहिलेलं. ते टांगलेलं प्रेत ज्याच्या डोळ्यासमोर आहे त्यानं हेलिकॉप्टरकडं पाठ फिरवायला हवी होती, असं औरंगाबादेत चहा पीत म्हणायला माझं काय जातं? आणि अमेरिका तरी कशी गेली? जुलैच्या सुरुवातीला बगरामच्या तळावरची बत्ती बंद करून, रात्रीतून, नव्या अफगाण कमांडरलाही न सांगता. वरच्याच्या वरचा आधीच उतरला होता. मी हे सगळं एकदा पोराला बोलून दाखवलं, जरा समजूतदारपणाच्या सुरात. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठीक है काका. जाना था तो जाते. शनिवार को क्यों बोला कि लड़ेंगे?" त्याच्या वडिलांनी शनिवारचं ते भाषण ऐकून घरात साठवलेले बटाटे विकायचं थांबवलं होतं. सोमवारी रस्ता बंद झाला.

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही नाही. शेवटपर्यंत सगळं ठीक आहे असं म्हणत राहणं, हा त्या धंद्याचाच भाग असावा. खजिना रिकामा आहे असं सांगितलं तर राज्य त्याच दिवशी पडतं, हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. आम्हीही रांग दिसली की हसतमुखानं जास्तीचा काउंटर उघडायचो. माझ्या धाकट्या बहिणीचे पैसे आमच्याच भागातल्या एका पतसंस्थेत होते. चेअरमननं दसऱ्याला सभासदांना सोनं वाटलं, आपट्याचं अर्थातच, आणि "एक रुपयाही बुडणार नाही" म्हणाला. दिवाळीला शटर खाली आणि चेअरमन सहकुटुंब बाहेरगावी. बहीण ठेवीच्या पावत्या दुधाच्या पिशवीत घालून आठवड्यातून दोनदा त्या शटरपुढं जाऊन बसायची. मी म्हणायचो, तिथं बसून काय होणार? ती म्हणायची, बाकीच्या बाया येतात ना. एकदा तिला न्यायला गेलो तर पन्नासेक बाया पायरीवर, प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी, आणि मधे शेंगांच्या टरफलांचा ढीग. त्या पायरीवर उभं राहून मला त्या पोराच्या मोबाईलमधली काबूलची रांग आठवली. तिथं भिंतीला टेकून पुरुष होते आणि इथं बाया, आणि हातातला कागद मात्र तसाच घामानं मऊ झालेला.

पण मला राहून राहून छळते ती ना पतसंस्था, ना काबूल. ती विसाची नोट चालणारी होती. दोन तुकडे एकाच नोटेचे, नंबर शाबूत, काही गहाळ नाही. कुठल्याही बँकेनं तिची पूर्ण किंमत दिली असती आणि अशा नोटा मी स्वतः हजारोंनी घेतल्यात. तरी अंगठ्यानं ती बाजूला काढली. दोन देशांमधलं सगळं मोडून त्याच्यापर्यंत जो चुरा आला होता, तो कुणाकुणाकडून दहा-वीस उसने घेऊन त्यानं गोळा केला, आणि माझ्यापाशी आल्यावर मी त्यातही खोट काढली. पुढच्या महिन्यापासून भाडं नको म्हणालो, खोटं कशाला सांगू. पण ते हिनं सुचवल्यावर. तो ऐकला नाही, शिकवण्या धरल्या आणि जमेल तसं देत राहिला. भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे व्हिसे आपल्या सरकारनं ऑगस्टातच रद्द केले होते, त्यामुळं सुट्टीला घरी गेलेले त्याचे दोन मित्र तिकडंच अडकले. त्यांच्या खोलीतलं सामान यानं आणून आमच्या गच्चीच्या जिन्याखाली ठेवलं. प्रेशर कुकर, एक गणिताची वही, क्रिकेटची बॅट.

२०२२ च्या उन्हाळ्यात परीक्षा झाली. घरी जायची सोय नव्हती. इराणात मशहदला मामा होता, तिकडं निघाला. जायच्या दिवशी मी डिपॉझिटचे सात हजार काढून ठेवले होते. बँकेत जाऊन मुद्दाम पाचशेच्या कोऱ्या नोटा आणल्या, जुन्या ओळखीवर. त्याच्या हातात दिल्या आणि म्हटलं, गिन लो. त्यानं घडी करून खिशात घातल्या. "आपने गिने होंगे, काका।" टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

बूट मात्र घेतले नाहीत. पिशवीत मावेनात आणि मशहदला लागलेच तर घेईन म्हणाला. हिनं ते माळ्यावर टाकले. दर दिवाळीला झाडझूड करताना खाली काढते, गच्चीवर उन्हात उलटे ठेवते, संध्याकाळी आत डांबराच्या गोळ्या घालून पुन्हा वर. गेल्या वर्षी डाव्या बुटातली लोकर झडायला लागलेली दिसली. मोलकरीण म्हणाली, काकू, द्या ना मला, पोराला थंडीत होतील. ही म्हणाली, माप मोठं आहे गं, आणि ते आमचे नाहीत.